एक पाय गाडीत

आधीच सांगून टाकते, मी शाळेत विज्ञान शिकवायचे. अमावस्येला नखं कापली तर काय होतं असं विचारणाऱ्या पोरांना "नखं लहान होतात" असं उत्तर देणारी बाई मी. भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचते — दुपारी भाजी निवडताना मोबाइल डब्याला टेकवून वाचायला बरे वाटतात — पण वाचून झालं की बहुतेक वेळा मनात म्हणते, बाई गं, तुझा डोळा लागला असेल. तेव्हा उद्या मला कुणी तसं म्हटलं तर माझी काही तक्रार नाही. फक्त माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी, हॉर्नच्या गोंगाटात, चार माणसांसमोर झालं. आणि गंमत म्हणजे ते बाकीच्यांनी बघितलं, मी नाही...

आम्ही भाईंदर पूर्वेला, गोडदेवला राहतो. सासऱ्यांचं जुनं बैठं घर होतं तिथे आता बिल्डिंग आहे आणि पहिल्या मजल्यावर आम्ही तिघं — मी, माझा नवरा निलेश आणि सासरे. त्यांना मी बाबा म्हणते. घर कोळ्यांचं, पण बाबा होडीवर कधी रमले नाहीत. सगळी उमर त्यांनी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर काढली. स्वभावाने इतके शांत की घरात आहेत की नाहीत ते चहाचा कप रिकामा झाल्यावर कळायचं.

सासूबाई याच्या अगदी उलट. उत्तनच्या, अस्सल कोळीण. त्यांना मी आई म्हणायचे. मागच्या दिवाळीनंतर त्या गेल्या, झोपेतच. ज्या बाईने आयुष्यभर सगळं घर हलवून सोडलं ती अशी गुपचूप गेली, याचाच आम्हाला जास्त धक्का बसला. आमचं दोघींचं रोज वाजायचं. मी भाजी फार बारीक चिरते यावरून त्यांनी मला शेवटच्या आठवड्यापर्यंत ऐकवलंय. आणि त्या गेल्यावर महिनाभर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडलेय, तेही इथे लिहून टाकते.

आता आईंची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. तरुणपणी त्या उत्तनहून मासे आणून भाईंदरच्या बाजारात विकायच्या. रिक्षावाल्यांना माशाची पाटी दिसली की ते लांबूनच "नहीं जाएगा" म्हणून सटकायचे. गाडीला वास लागतो ना! त्यावर या बायकांनी तोड काढली होती. पाटी आडोशाला ठेवायची, बाई पुढे. रिक्षा जरा हळू झाली की आधी एक पाय आत टाकायचा, मग कुठे जायचं ते सांगायचं, मग भांडायचं, आणि सगळ्यात शेवटी पाटी आणायची. "पाय आत गेला की गाडी आपली," आई म्हणायच्या. पाय आत टाकलेल्या बाईला फरफटत नेणारा ड्रायव्हर अजून जन्मायचाय, हे त्यांचं शास्त्र होतं.

पुढे मासे विकणं सुटलं, पण सवय सुटली नाही. लग्नाला जायचं असो नाहीतर डॉक्टरकडे, आई आधी खाली उतरणार, गाडी अडवणार आणि एक पाय आत ठेवून उभ्या राहणार. मागून बाबा चष्मा शोधत, चपला सरळ करत, कुलूप दोनदा ओढून बघत येणार. ड्रायव्हर कुरकुरला की आईंचं ठरलेलं वाक्य होतं — "आमचा मानूस येतंय. गाडी हलवाची न्हाय." मला लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा याची फार लाज वाटली होती. नंतर मीही निवांत मागून यायला लागले.

बाबांच्या किडन्या गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा मीरा रोडला डायलिसिस, दुपारची पाळी. निलेशची पहिली शिफ्ट असते, त्यामुळे तो सुटल्यावर थेट सेंटरवर येऊन बाबांना घरी आणतो. न्यायचं काम आमच्याकडे. आई होत्या तोवर त्यात काम असं काही नव्हतंच. त्या पुढे, मी बाबांना धरून मागे, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी.

आई गेल्या, आणि पाठोपाठ नियम आला.

नियमाला मी नावं ठेवणार नाही. आमच्या नाक्यावर मेट्रोच्या खांबांमुळे आधीच रस्ता अरुंद, त्यात रिक्षा, ॲपच्या गाड्या, शाळेच्या बसेस वाट्टेल तिथे थांबायच्या. एकदा अँब्युलन्स अडकलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीये. तर ठरलं असं की नाक्यावर आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायची नाही. ॲपच्या गाड्यांनी गल्लीत शिरायचंही नाही. नाक्याच्या पलीकडे, मेट्रोच्या खांबाला लागून पिवळ्या रेषांचा एक चौकोन आखला, वर निळा बोर्ड लावला, "प्रवासी चढ-उतार". गाडी तिथेच येणार, तिथे जेमतेम काही मिनिटं थांबणार, प्रवासी नसला तर पुढे निघणार. नाहीतर ड्रायव्हरच्या मोबाइलवर दंड. ॲपवाल्यांनीही लगेच बदल करून टाकला. मी घराच्या गेटवर पिन ठेवली की ती आपोआप सरकून त्या चौकोनात जाऊन बसायची. मागे ओढली तरी परत तिथेच.

धडधाकट माणसाला ते अंतर काहीच नाही. बाबांना मात्र ते मोठं होतं. मध्ये एका बंद हार्डवेअरच्या दुकानाची पायरी आहे, तिथे बसून दम घ्यावा लागायचा, मग रस्ता ओलांडायचा. आता बघा, बाबा निघेपर्यंत गाडी बुक करून ठेवता येत नाही, कारण ती येऊन निघून जाते. तिथे पोचल्यावर बुक करावी तर भर उन्हात, उभ्याने वाट बघायची. म्हणजे एकाने पुढे जाऊन गाडी धरायची आणि एकाने बाबांना धरायचं. नियम दोन माणसांचा होता आणि मी एकटी. शेजारच्या काकूंना दोनतीनदा बोलावलं, पण रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात तसं आठवड्यातून तीनदाच्या कामाला कोण येणार? एकदा बाबांना पायरीवर बसवून मीच पळत पुढे गेले. मागे वळून बघते तर ते उठून चालायला लागलेले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा तोल गेला. एका पोळीभाजीवाल्याने सावरलं म्हणून वाचले. त्यानंतर हात सोडायचा नाही असं ठरवलं.

मग गाड्या सुटायला लागल्या. आम्ही रस्ता ओलांडत असताना समोरून गाडी निघून जाताना दिसायची आणि मोबाइलवर "राइड रद्द झाली" असा निरोप. दुसरी बुक करायची, तिची वाट बघायची. बाबा त्या खांबाला टेकून उभे, हातावरच्या डायलिसिसच्या फुगलेल्या नसेवर दुसऱ्या हाताने सावली धरलेली. सेंटरवर पोचेपर्यंत उशीर, मग तिथल्या सिस्टर रागावणार. मी ड्रायव्हरला फोनवर बोलायचे, ट्रॅफिक हवालदाराशी भांडायचे. बाबा काहीच बोलायचे नाहीत.

एक दिवस मात्र बोलले. लागोपाठ दोन गाड्या सुटल्या होत्या. खांबाशी उभं राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, "मीनल, घरी चल. मना आता नको हे."

मला वाटलं, दमलेत. घरी आणलं, लिंबू सरबताचे दोन घोट दिले. पुढच्या पाळीला त्यांनी शर्टच घातला नाही. निलेश ओरडला, विनवण्या केल्या, शेवटी त्यांच्या पायाशी बसून रडला. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण हो म्हटलं नाही. माझ्या मागे-पुढे धावणारं माणूस गेलं, आता तुम्ही पोरांनी किती धावायचं, असं काहीतरी म्हणाले. डॉक्टरांनी फोनवर आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितलं की अजून चुकवलं तर फुफ्फुसात पाणी भरेल, आणि मग त्यांच्याही हातात फार काही उरणार नाही. बाबांच्या पायांना सूज आली होती. रात्री आडवं पडवेना, उशा लावून बसून काढायचे. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं आणि मी बाबांना हळूहळू जाताना बघत होते.

तिसऱ्या पाळीच्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, एकदा चला, माझ्यासाठी चला. नंतर तुम्हाला नेणार नाही, शब्द देते. शब्द खोटा होता, पण दिला. शेवटी ते म्हणाले, "एकदाच. गाडी थांबली तर जायाचं. न्हाय थांबली तर परत वर."

मी गाडी बुक केली आणि आम्ही निघालो. सूज आलेल्या पायांनी त्यांना चालवत नव्हतं. हार्डवेअरच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मोबाइल पर्समध्ये थरथरला, बघितलं तर गाडी पोचली होती. मी मोबाइल परत आत टाकला. आता ही सुटणार, मग बाबा परत वर जाणार, आणि मग... तिथे बसून मी मनातल्या मनात कुणाकडे तरी काहीतरी मागितलं. कुणाकडे ते मलाही ठाऊक नाही. देवाची तर मला तेवढी सवय नाही.

बऱ्याच वेळाने बाबा उठले. थांबत, श्वास घेत रस्ता ओलांडला. एव्हाना रद्द झाल्याचा निरोप यायला हवा होता, तो आला नव्हता. म्हटलं नेटवर्क गेलं असणार.

खांबाला वळसा घालून पुढे आलो तर पिवळ्या चौकोनात पांढरी गाडी उभी. मागचं डावं दार सताड उघडं. ड्रायव्हर मागे वळून दाराकडे बघत बसलेला. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि ट्रॅफिक हवालदार, ज्याच्याशी मी आठवडाभर भांडले होते तोच, गाडीकडे पाठ करून त्यांना बाजूने काढत होता.

मी ड्रायव्हरला सॉरी म्हणायला लागले. चाळिशीचा माणूस, उत्तर प्रदेशातला असावा. तो म्हणाला, "कोई बात नहीं, अंकल को आराम से बिठाओ। आंटी ने बोला था टाइम लगेगा।"

कोण आंटी, मी विचारलं. तो इकडेतिकडे बघू लागला. आत्ता तर इथेच होत्या म्हणाला. गाडी लागल्या लागल्या आल्या, दार उघडलं आणि एक पाय आत ठेवून उभ्या राहिल्या. हवालदार आला तर त्यालाही गप्प केलं. "पैर अंदर था, मैं गाड़ी कैसे हिलाता? वो क्या बोलीं... आमचा मानूस येतंय, गाडी हलवाची न्हाय। मराठी मेरे को कम आती है, पर इतना समझ गया।"

 त्याने ते वाक्य आईंच्या बोलीतच म्हटलं होतं, जसंच्या तसं. शाळेतली मराठी शिकलेला "माणूस येतोय" म्हणाला असता, "मानूस येतंय" नाही, आणि हा तर मराठी न येणारा. वास वगैरे काही आला नाही हं, गोष्टींमध्ये येतो तसा. थंडगार वाराही आला नाही. मेट्रोची धूळ होती, ऊन होतं आणि मागे हॉर्न.

बाबा एव्हाना गाडीत बसले होते. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "पाँव कौनसा था?"

"जी?"

"अंदर कौनसा पाँव रखा था उसने?"

ड्रायव्हरने दाराकडे बघून आठवलं. "बायाँ," तो म्हणाला.

आईंचा डावा गुडघा कामातून गेला होता. शेवटच्या दोन वर्षांत त्या उजव्या पायावर उभ्या राहायच्या आणि डावा गाडीच्या उंबऱ्यावर टेकवायच्या, म्हणजे त्यालाही आराम. त्या गुडघ्याला रोज तेल मीच चोळायचे. बाबांनी उत्तर ऐकलं, मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.  मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो.

सिस्टरनी सुया लावल्या, मशीन सुरू झालं. मी बाबांच्या अंगावर चादर ओढली तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "परवा कितीला निघायचं?"

घरी आल्यावर निलेशला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, नाक्यावरची कुणीतरी भली बाई असेल, गोडदेवला कोळणींचा काय तोटा आहे, आणि पाय ठेवून गाडी धरणं काही एकट्या आईचं पेटंट नाही. बोलणं बिनतोड होतं. मला पटलंही. पण नंतर पाणी प्यायला उठले तर हा आईंच्या फोटोसमोर उभा, आणि मला बघून घड्याळाला किल्ली देण्याचं नाटक करायला लागला. आमचं घड्याळ सेलवर चालतं.

मी मात्र त्या भल्या बाईला शोधायचं ठरवलं. आधी हवालदाराला गाठलं. साताऱ्याकडचा तरुण माणूस, इथे नवीनच बदलून आलेला. त्याला ती बाई चांगली आठवत होती. पावती फाडतो म्हटल्यावर त्या त्याला म्हणाल्या होत्या की फाड, माझ्या नावाने फाड, पण गाडी हलणार नाही. हे सांगताना तो लाजल्यासारखा हसला. "माझी आई अशीच बोलते हो. मग मीच मागे फिरलो. तुमच्या कोण त्या?" मोबाइलमध्ये आईंचा फोटो होता. मी मोबाइल बाहेर काढला, फोटोही उघडला... आणि परत पर्समध्ये टाकला. तो "ह्याच" म्हणाला असता तर मी काय करणार होते? आणि "ह्या नव्हेत" म्हणाला असता तर घरी जाऊन बाबांना काय सांगणार होते? सासूबाई, असं म्हणून मी तिथून निघाले.

समोरच्या मेडिकलवाल्याचा कॅमेरा रस्त्याकडे लावलेला आहे. त्याची मुलगी माझ्याकडे शिकलेली, म्हणून त्याने मला त्या दुपारचं रेकॉर्डिंग दाखवलं. गाडी येऊन लागताना दिसते. ड्रायव्हर मागे वळून कुणाशी तरी बोलतोय, मान डोलावतोय, एकदा चक्क कान धरतोय. हवालदार येतो, खाली मान घालून ऐकतो आणि मागे फिरतो. पण डाव्या दारापाशी जो कुणी असेल त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये मेट्रोचा खांब. मग खांबाआडून मी आणि बाबा येतो. आम्ही येण्याआधी तिथून कुणी निघून जाताना दिसत नाही. मेडिकलवाला म्हणाला, कॅमेरा जरा सरकवून लावू का? मी नको म्हटलं.

त्यानंतर गाडी एकदाही सुटली नाही. आम्ही आमच्या गतीने जायचो आणि गाडी उभी असायची. सगळेच ड्रायव्हर काही सांगायचे असं नाही. काही नुसतेच थांबलेले असायचे, मीही उकरून विचारायचे नाही. पण मधूनच कुणीतरी म्हणायचं, आंटी बोलीं रुको. एकदा एका पोरसवदा ड्रायव्हरने गाडी सुरू करण्याआधी विचारलं, वो आंटी नहीं बैठेंगी क्या? बाबांनी त्याला सांगितलं, "वो नहीं आएगी. उसका काम हो गया."

बाबांची सूज उतरली. जेवायला लागले. पाळीच्या दिवशी आधीच शर्ट घालून बसायला लागले, भांगबिंग पाडून. मी चेष्टा केली की बाबा, नवरदेव निघाल्यासारखे निघता, तर चक्क लाजले. मग म्हणाले, ती तिथं उन्हात उभी राहतेय आणि मी घरात कसा बसून राहू?

माझ्यातली विज्ञानाची बाई मात्र गप्प बसेना. निलेशची सुट्टी होती त्या दिवशी मी प्रयोग केला. बाबांना त्याच्या हवाली करून मी आधीच चौकोनात जाऊन उभी राहिले. खांबाच्या दोन्ही बाजू दिसतील अशी जागा धरली. गाडी आली, दार मी उघडलं. कुणीही आलं नाही. ड्रायव्हर लगेच कुरकुरायला लागला, मॅडम जल्दी करो, पीछे पोलीस है. मी त्याला दोन मिनिटं म्हणून सांगत राहिले आणि जरा वेळाने बघते तर माझा एक पाय गाडीत! कधी टाकला ते कळलंच नाही. म्हटलं, अगं बाई.

बाबा निलेशचा हात धरून आले, मला तशी उभी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "आज तू थांबवलीस," एवढं म्हणून आत बसले. त्या दिवशी त्यांचं जेवणही नीट झालं नाही. मग मी प्रयोग बंद केले. निष्कर्ष मला काढता येत होता — गाडी धरायला माणूस असलं की आई नसतात, गरज नसते म्हणून — पण असला निष्कर्ष मी वर्गात कुठल्याही पोराला काढू दिला नसता.

याच दरम्यान सोसायटीने केलेल्या खटपटीला यश आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये बाबांखेरीज अजूनही पेशंट आहेत, एक काकू तर व्हीलचेअरवर. सगळ्यांनी मिळून पाठपुरावा केला होता, त्यात पुढे मीच होते. शेवटी सूट मिळाली. आजारी माणसं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी ॲपची गाडी गल्लीत, थेट गेटपर्यंत येऊ शकेल. ॲपमध्येही तशी सोय झाली. मला इतका आनंद झाला की मी खालच्या वॉचमनलाही पेढा दिला. बाबांना सांगितलं, आता चालायचं नाही, लिफ्टमधून उतरलात की गाडी. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. शुगरचा विचार करत असतील असं मला वाटलं.

पाळीचा दिवस आला. मी गेटवर पिन ठेवली, पिन तिथेच राहिली. खाली उतरलो तर गाडी गेटला अगदी चिकटून उभी, ड्रायव्हरने स्वतः उतरून दार उघडलं. मी बाबांना पुढे केलं. ते गाडीपाशी गेले, दारावर हात ठेवला आणि थांबले.

बसा ना बाबा, मी म्हटलं. दारात आलीय गाडी.

ते नाक्याच्या दिशेने बघत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी साधी अडचण सांगावी तसं म्हणाले, "ती तिकडं उभी असंल. नियम बदलला ते तिला कोन सांगनार?"

 इतकी वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला ते असावं असंही वाटलं नाही. मी ड्रायव्हरला सांगितलं, आप आगे पिकअप ज़ोन में रुको, हम आते हैं. मी वेडी असल्यासारखा तो बघायला लागला. मॅडम, बैठ जाओ ना, मैं वहीं तो जा रहा हूँ! त्याचंही खरंच होतं. मी म्हटलं, अंकल को चलना है. त्याने कपाळाला हात लावला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. मी बाबांचा हात धरला.

ही सगळी हकिगत मी जशी झाली तशी लिहिली आहे. कुणाला यात योगायोग दिसेल, कुणाला नाक्यावरची भली बाई दिसेल, कुणाला आणखी काही. मला विचाराल तर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि शोधणं मी सोडून दिलंय. बिल्डिंगमधले बाकीचे सगळे आता गेटवरच गाडीत बसतात. आम्ही दोघं मात्र अजून नाक्यापलीकडे चालत जातो. सावकाश जातो, मध्ये पायरीवर बसतो, बाबांना दम लागला तर हवा तेवढा वेळ थांबतो. गाडी सुटेल अशी भीती आता आम्हाला वाटत नाही.